हसुरामशेठचा नव्वद नंबर

माझ्या सासऱ्यांच्या अंत्ययात्रेला हसुरामशेठ हार घेऊन आले. पण तो हार त्यांनी सासऱ्यांना घातला नाही. तो माझ्या नवऱ्याच्या हातात दिला, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि ते सरळ वैकुंठरथाच्या खाली शिरले.

सोसायटीच्या फाटकात साठ-सत्तर माणसं उभी होती. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. माझी नणंद नुकतीच मोठ्याने रडायला लागली होती, ती मधेच थांबली, कारण रथाच्या मागच्या दोन चाकांमधून दोन पाय बाहेर आले होते आणि ते हलत होते. पाच मिनिटांनी शेठ बाहेर आले, सदरा झटकला, उजव्या हाताचं बोट माझ्या नाकापुढे धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वैनी, मागचा क्राऊन सुका हाय. नाना पोचतील. गाडी परत येनार नाय."

नाना पोचले. गाडी स्मशानाच्या फाटकातच बसली आणि संध्याकाळी दोरीने ओढून न्यावी लागली. नणंद अजूनही म्हणते की त्या माणसाला काही रीतभात नाही. मी काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्या रथाचं ऑइल माझ्याच दुकानातून गेलं.

उरण नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं ऑइल आणि सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांचं होतं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा भावांनी तोंडं फिरवली आणि मी काउंटरमागे जाऊन बसले, त्याला आता चोवीस वर्षं झाली. माझे मिस्टर शाळेत गणित शिकवतात. इंजिन ऑइल आणि खोबरेल यातला फरक त्यांना बाटली वाचल्याशिवाय कळत नाही, आणि मला त्यांची गणितं कळत नाहीत, म्हणून आमचं बरं चाललंय.

हसुरामशेठ हे माझे गिऱ्हाईक नाहीत. त्यांच्याकडे गाडीच नाही. पण रोज सकाळी नऊ वाजता ते करंजाड्याहून रिक्षाने येतात, रिक्षातून उतरल्यावर पैसे द्यायच्या आधी वाकून तिच्या पोटाखाली बघतात, आणि मग माझ्या दुकानाबाहेर एक रिकामा ऑइलचा डबा उलटा करून त्यावर बसतात. वय सत्तरीच्या आसपास. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि लोक खिशाला पेन लावतात तसा यांच्या खिशाला एक पाना. नावात हसू आहे, तेवढंच.

ज्यांना गाडीचं पोट कधी बघावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकअपच्या किंवा टेम्पोच्या मागे उभं राहून खाली वाकलं की दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा दिसतो. त्याच्या पोटात दातेरी चक्रं असतात. इंजिनाची ताकद तिथे येऊन दोन्ही चाकांना वाटली जाते, आणि गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं नि आतलं कमी, त्याची जुळवाजुळव तिथेच होते. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्याकडे मागचा क्राऊन. त्याला ऑइल लागतं. हे ऑइल दाट असतं, पिवळट असतं आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. लोक इंजिनचं ऑइल वेळच्या वेळी बदलतात, क्राऊनला मात्र गाडी घेतल्यापासून कोणी विचारत नाही. तो बिचारा चिखलात लोंबकळत असतो.

हसुरामशेठ त्याला विचारतात. त्यांनी आयुष्यात दुसरं काहीही विचारलेलं नाही, असं त्यांच्या सुनेचं म्हणणं आहे.

माझ्या दुकानात कोणी गिअर ऑइल मागितलं की माझ्या आधी बाहेरच्या डब्यावरून प्रश्न येतो, "नंबर काय?"

गिऱ्हाईक म्हणतं, एकशेचाळीस द्या. म्हणजे सगळ्यात दाट.

"का?"

"जरा आवाज करतेय मागून."

"कोनाला विकतोस?"

एकदा एक जण खरंच विकायला निघाला होता. तो इतका गोंधळला की पाण्याची बाटली घेऊन निघून गेला. शेठचं म्हणणं असं की नव्वद नंबर हे दाते वाचवायला असतं आणि आजकाल एकशेचाळीस मागतात ते आवाज दाबायला. "दुखन्यावर घोंगडी टाकली का दुखनं बरं होतं काय? नुसतं दिसत नाय." अवजड गाडी असेल, तिच्या पुस्तकातच एकशेचाळीस लिहिलेलं असेल, तर त्यांचा काही आक्षेप नाही. स्वतःच्या डोक्याने नंबर ठरवणाऱ्या माणसावर त्यांचा राग आहे. "तू गाडी बनवलीस काय? ज्यानी बनवली त्यानी पुस्तकात लिवलंय. ते वाच."

आणि नंबर जमला तरी सुटका नाही. मग डब्यावरची बारीक अक्षरं येतात. जीएल चार की जीएल पाच. मी चोवीस वर्षं हे विकतेय, पण ते ज्या तळमळीने सांगतात तेवढ्या तळमळीने मी माझ्या मुलीच्या लग्नाचीही बोलणी केली नाहीत. "पाचमधी औषद जास्ती असतंय. क्राऊनचे दाते नुसते फिरत नाय, येकमेकावर घासत जातात, तितं पाचच पायजे. पन जुन्या गेरबॉक्समधी पितल असतंय, त्याला हेच औषद खातंय. तितं चार. ह्याचं त्याला घातलंस का दोगं बी गेले." हे ते रिक्षावाल्याला सांगतात, कुरिअरवाल्याला सांगतात, एकदा जनगणनेसारखं काहीतरी लिहून घ्यायला आलेल्या बाईंना सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

या माणसाने माझी किती विक्री बुडवली याचा मी विचार करत नाही. किती वाचवली याचाही करत नाही, कारण मग मला त्यांना रोज चहा द्यावा लागेल. तो मी देतेच, पण स्वखुशीने.

त्यांचा दुसरा नियम: आधी वरचा बोल्ट, मग खालचा. क्राऊनला दोन बोल्ट असतात. वरच्यातून ऑइल भरतात, खालच्यातून जुनं काढून टाकतात. घाईत माणूस आधी खालचा खोलतो, ऑइल सगळं वाहून जातं, आणि मग कळतं की वरचा गंजून बसलाय, काही केल्या निघत नाही. आता गाडी रिकाम्या पोटाने उभी. पुढेही नाही, मागेही नाही. आमच्या रस्त्यावर असे दोन टेम्पो तीन-तीन दिवस उभे राहिलेले मी पाहिलेत.

हा नियम शेठ सगळीकडे लावतात. त्यांच्या पुतण्याने कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा दिला आणि मग दुसरी शोधायला लागला, तेव्हा सगळं घर त्याची समजूत घालत होतं. शेठनी एकच वाक्य टाकलं, "आदी खालचा खोललास." आणि माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती त्या दिवशी काही कारण नसताना हे आमच्या घरी हजर होते. पाहुण्यांची गाडी तपासून झाल्यावर वर आले, पोहे घेतले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "गाडी चांगली ठेवलीय. मानसं बरी असतील." त्यावर ते लग्न ठरलं. निदान व्याही तसं सांगतात.

शेठचं घर करंजाड्यात आहे. गावची जमीन गेली, तिच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली आणि शेठ मुलगा-सुनेबरोबर तिसऱ्या मजल्यावर गेले. फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, सून जेवायला वेळेवर वाढते. मी एकदा विचारलं होतं, घरी का बसत नाही म्हणून. म्हणाले, "तिसऱ्या माल्यावर खाली शिरायला काय हाय?"

त्या घरात त्यांचं स्वतःचं असं एकच कपाट आहे. त्यात गाड्यांची पुस्तकं आहेत. नव्या गाडीबरोबर कंपनी जे माहितीपुस्तक देते, ते लोक प्लास्टिकमधून न काढताच रद्दीत टाकतात. शेठ ते भंगारवाल्याकडून उचलतात, तपकिरी कागदाचं कव्हर घालतात आणि त्यावर शाळेतल्या वहीला लावतात तसं लेबल चिकटवतात. नाव, इयत्ता, विषय. नावापुढे गाडी. इयत्तेपुढे ऑइलचा नंबर. विषय सगळ्यांचा एकच.

आता पदाजीशेठबद्दल सांगायला हवं.

पदाजीशेठ करंजाचे, म्हणजे करंजाडे नव्हे, उरणकडच्या बंदराचे. मासळीचा धंदा. एके काळी हे दोघं भागीदारीत एक पिकअप चालवायचे. करंजाच्या बंदरातून मासळी उचलायची आणि पनवेलच्या बाजारात टाकायची. जाताना एक चालवायचा, येताना दुसरा. ऑइल आमच्याच दुकानातून न्यायचे आणि एका चहात दोन बशा करायचे, हे मी वडिलांच्या शेजारी बसून पाहिलंय. बारा वर्षं हे चाललं. मग गाडी म्हातारी झाली, क्राऊन गुरगुरायला लागला, आणि दोघांनी ती विकायची ठरवली. पेणचं एक गिऱ्हाईक बंदरावर गाडी बघायला आलं.

आवाज असलेली गाडी कोण घेणार? पदाजीशेठनी आदल्या दिवशी कोणाला न सांगता एकशेचाळीस नंबर भरलं आणि वर चार पिकलेली केळी घातली. हा जुना उपाय आहे. केळ्याचा लगदा दात्यांमध्ये बसतो आणि दोन-तीन दिवस क्राऊन एकदम गप्प होतो. पेणच्या माणसाने गाडी फिरवून आणली, खूश झाला. सहज विचारलं, ऑइल कुठलं घालता. हसुरामशेठना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपणहून विचारला होता. ते म्हणाले, "नव्वद. दाखवतंव." गाडीखाली गेले, वरचा बोल्ट काढला, आत बोट घातलं, आणि बोटाला केळं लागलं.

दुसऱ्या कोणी ते बोट पुसून टाकलं असतं. शेठ बाहेर आले आणि सगळ्या बंदरासमोर ते बोट वर धरून म्हणाले, "ह्यात केली हायत."

पेणचा माणूस निघून गेला. बंदरावरच्या बायका मासळी टाकून हसायला लागल्या. पदाजीशेठना पुढे कित्येक वर्षं करंजात केळीवाला म्हणायचे. मुलाच्या लग्नात कोणीतरी आहेर म्हणून घड आणला होता.

"तुला गप बसता नाय आलं," पदाजीशेठ म्हणाले.

"तू माज्या क्राऊनमधी केली घातलीस," हसुरामशेठ म्हणाले.

हे त्यांचं शेवटचं बोलणं. त्यानंतर पदाजीशेठनी स्वतःची वेगळी पिकअप घेतली आणि बंदरावर जाहीर केलं की हसुराम आपल्या गाडीखाली दिसला तर आपण गाडी चालू करू. हसुरामशेठनी पुन्हा गाडीच घेतली नाही. एकोणीस वर्षं झाली.

पदाजीशेठ अजून स्वतः गाडी चालवतात. रोज सकाळी दहाच्या सुमारास त्यांची पिकअप मासळी घेऊन माझ्या दुकानावरून जाते. त्या वेळी हसुरामशेठ रस्त्याकडे पाठ करून बसतात. मला वाटायचं राग आहे. मध्यंतरी एका सकाळी ती गाडी पुढे निघून गेली तरी शेठची मान वाकडीच राहिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते तोंड फिरवत नव्हते, कान फिरवत होते.

"वैनी, ऐकलं?"

"काय?"

"गाते ती."

मला काही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मात्र मलाही ऐकू आलं, एक बारीक हुंकार, डास कानाशी यावा तसा. त्या दिवशी शेठनी चहा घेतला नाही.

"पानी गेलंय आत," ते म्हणाले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते असं. ओहोटीला होड्या धक्क्यापासून लांब राहतात. मग मासळीवाले पिकअप उलटी घेऊन उतारावरून थेट पाण्यात घालतात, मागची चाकं निम्मी बुडेपर्यंत, म्हणजे टोपल्या उचलून चालायला नको. क्राऊनच्या डोक्यावर श्वास घ्यायची एक छोटी नळी असते. "गाडी पलून आलेली, भोपला तापलेला. तापलेला भोपला थंड पान्यात घातला का तो पानी पितो. खारं पानी. ऑइल फाटतं, दाते सुके पडतात, मंग येक दिवस दोनी चाकं जाग्यावर बसतात." त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "हा रस्ता बगा तुमी. मागनं कोन येतंय?"

मागून न्हावा शेवाचे कंटेनर येतात. एकामागून एक, चाळीस-चाळीस फुटांचे. भरधाव पिकअपची मागची चाकं अचानक अडकली तर मागच्या ट्रेलरला थांबायला जागा नसते. हे मला समजायला पुस्तक लागत नाही, मी या रस्त्यावर रोज बसते.

"मग सांगा त्यांना," मी म्हटलं.

"मी? आमी बोलत नाय."

"शेठ, माणूस मरेल म्हणताय आणि बोलत नाय म्हणताय."

"तुमी सांगा."

"मी दुकान चालवते, पोस्ट ऑफिस नाही."

पण दुसऱ्या दिवशी मी मासळी बाजारात गेले. कोलंबी घ्यायचीच होती. पदाजीशेठ शेकोटीवर धरावेत तसे हात बर्फावर ठेवून उभे होते. उंच, काळे, गळ्यात जाड साखळी. मी म्हटलं, शेठ, तुमच्या गाडीच्या क्राऊनमध्ये पाणी गेलंय, दुकानात आणा, बदलून देते.

त्यांनी बर्फावरून हात उचलले. "तुला कोनी सांगितलं, बाय?"

"मला ऐकू येतं."

"तुला नाय येत. तुज्या दुकानात बसतो त्याला येतं." त्यांनी कोलंबी तोलली. "त्याला सांग, माजी गाडी माजी हाय. त्यानं सांगितलं म्हनून तर अजाबात नाय बदलनार."

मी हे येऊन सांगितलं. हसुरामशेठ डब्यावरून उठले, थोडं चालले, परत बसले. सत्तरीचा माणूस असा कासावीस झालेला मला बघवत नाही. कामाचा खोळंबा होतो. म्हणून मी शिबिर भरवलं.

आमच्या पनवेलमध्ये कशाचंही शिबिर भरतं. डोळे तपासणी, रक्तदान, दाखले वाटप. मी मोफत मागचा क्राऊन तपासणी शिबिर ठरवलं. रविवारी सकाळी दहा ते दोन. चहा-बिस्कीट मोफत, ऑइल घेतल्यास भरून मिळेल. पदाजीशेठ हसुरामशेठचं ऐकणार नाहीत, पण फुकट या शब्दाचं करंजात कोणाशी भांडण नाही. फ्लेक्सवाला म्हणाला, फोटो कोणाचा टाकू? मी म्हटलं, कोणाचा नको. तो म्हणाला, ताई, असा फ्लेक्स आजवर केलेला नाही, लोकांना वाटेल छापताना चुकला. शेवटी त्याने मागच्या आठवड्याच्या नेत्र शिबिराचा एक मोठा डोळा कोपऱ्यात तसाच ठेवला. त्यामुळे रविवारी सकाळी गाड्यांच्या रांगेत दोन म्हाताऱ्या चष्म्यासाठी उभ्या होत्या. त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, हलेनात.

नाक्यावरचा सलीम मेकॅनिक मी दिवसभरासाठी बोलावला होता. अकरा गाड्या आल्या. हसुरामशेठना मी गोदामात बसवलं होतं, पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि बाहेर यायचं नाही असं बजावलं होतं. साडेअकराला पदाजीशेठची पिकअप आली.

ते उतरले, फ्लेक्सवरचा डोळा बघितला, रांग बघितली, रिकामा उलटा डबा बघितला. "फुकट हाय ना?"

"तपासणी फुकट."

सलीमने आधी वरचा बोल्ट काढला, मग खालचा. परातीत जे पडलं ते ऑइल नव्हतंच. पांढुरकं, फेसाळ, कॉफीसारखं. सलीमने ते परात धरून दाखवलं. "शेठ, अल्ला कसम, ह्याच्यात तुम्ही अजून गाडी चालवत होता? बेअरिंग वाचलंय, नसीब तुमचं." मग त्याने थोडं साधं ऑइल घालून चाकं फिरवून आतलं धुतलं आणि ते काढून टाकलं. श्वासाच्या नळीला लांब पाइप जोडून वर टाकीपर्यंत नेला, म्हणजे पुन्हा पाणी प्यायला नको.

पदाजीशेठ परातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकशेचाळीस भरा. दनकट काम होऊ दे."

गोदामात काहीतरी पडलं.

मी आत गेले. हसुरामशेठ उभे होते. "त्याला सांगा नव्वद."

मी बाहेर आले. "नव्वद."

"त्याला सांग, भार माजी गाडी उचलते."

मी आत. "भार त्यांची गाडी उचलते."

"त्याला सांगा, ऐंशी-नव्वद, म्हंजे तेच नव्वद, जीएल पाच. पुस्तकात हाय."

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कोनी बगितलंय? माजं हरवलं."

त्यांच्यात भिंतीचं अंतर होतं, तेही अर्ध्या विटेचं. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. फेऱ्या मात्र मी मारत होते. तिसऱ्या फेरीला हसुरामशेठनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. तपकिरी कव्हर, कोपरे मऊ झालेले. लेबलवर इतर पुस्तकांवर असतं तसं गाडीचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: पदाजी. इयत्ता: नव्वद. विषय: मागचा क्राऊन.

मी ते पदाजीशेठच्या हातात दिलं. आतलं पान उघडण्याआधी ते लेबलच वाचत बसले. त्यांची ही गाडी जितकी जुनी होती तितकंच ते कव्हर जुनं होतं, हे त्यांनाही दिसत होतंच. मग त्यांनी पान उघडलं, बोट ठेवलं, वाचलं.

"पुस्तकात असंल तर भरा नव्वद," ते म्हणाले. "पुस्तकाशी माजं भांडन नाय."

मी ऑइल काढून दिलं. आणि इथे एक अडचण आली. क्राऊन भरायचं काम दोन माणसांचं असतं. एकाने बाहेर बसून बादलीवरच्या हातपंपाचा दांडा मारायचा, दुसऱ्याने गाडीखाली उताणं पडून भोकाकडे बघायचं. ऑइल आत वर चढतं, भोकाच्या काठाला येतं आणि ओघळायला लागतं. तो ओघळ दिसला की खालच्याने "बस" म्हणायचं. पंपवाल्याला खालचं काही दिसत नाही, त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सलीमला हाक मारली तर तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला एका टेम्पोखाली जाऊन पडला होता आणि त्याला एकाएकी ऐकू येईनासं झालं होतं. मी साडीत होते. पदाजीशेठ पंपापाशी बसले, दांडा हातात घेतला आणि हवेतच विचारलं, "खाली कोन?"

गोदामातून हसुरामशेठ बाहेर आले. कोणाकडे पाहिलं नाही. गोणपाट अंथरलं, लेंगा वर घेतला आणि पिकअपखाली शिरले. बाहेर दोन पाय राहिले.

पदाजीशेठ त्या पायांकडे बघत होते. मग उठले, गाडीची किल्ली काढली, माझ्या काउंटरवर आणून ठेवली आणि परत पंपावर जाऊन बसले.

दांडा खालीवर होऊ लागला. मी काउंटरवरून बघत होते. नळीतून ऑइल जातंय ते दिसत होतं. पाच मिनिटं गेली असतील. मग गाडीखाली एक पिवळी धार लागली. हसुरामशेठच्या बाहीवर, गोणपाटावर, तिथून सिमेंटवर. खालून काही आवाज नाही. पदाजीशेठ दांडा मारतच होते, हळूहळू. तो ओघळ आता त्यांच्या चपलेपर्यंत आला होता. त्यांनी चप्पल थोडी बाजूला घेतली आणि दांडा मारला.

माझं चांगलं ऑइल रस्त्याला चाललं होतं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. अर्धा लिटर गेलं तर जाऊ दे, असं मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

"बस," खालून आवाज आला.

पदाजीशेठचा हात थांबला. "काय?"

"बस म्हनलं. कान गेले का तुजे?"

"तू हलू बोलतोस," पदाजीशेठ म्हणाले, आणि दांडा आणखी एकदा मारला.

खालून शिवी आली. अस्सल, लांब, एकोणीस वर्षं आत राहिलेली. ती मी इथे लिहीत नाही. पदाजीशेठनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि दांडा सोडला.

सांडलेल्या ऑइलवर टाकायला लाकडाचा भुसा लागतो. तो गोदामात दाराशीच असतो, आणायला अर्धं मिनिट लागतं. मी आत गेले आणि तिथेच एक खोकं ओढून बसले.